पावण्याचं नाव

५ नोव्हेंबर
पोहोचलो एकदाचा आचऱ्याला! मुंबईची नोकरी सोडली म्हणून सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, पण इथे होमस्टे काढणारच. वडिलोपार्जित घर झकास आहे. मागे माड, माडांत विहीर. शेजारचे दाजी बांगडे घेऊन आले आणि तासभर गप्पा ठोकून गेले. विहिरीवर ‘पावणो’, म्हणजे पाहुणा, आहे, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून जहाजात कोंबून आणलेला माणूस. आमच्या घराण्यातल्या एका व्यापाऱ्याने त्याला गोव्यात विकत घेतलं आणि इथे आणलं. मरेपर्यंत पाणी ओढायला लावलं. आता तोच जागेची राखण करतो म्हणे. मला भारीच वाटलं. गिऱ्हाइकांना सांगायला फुकटची गोष्ट मिळाली!

८ नोव्हेंबर
घरातल्या जुन्या पेटीत घराण्याचे कागद सापडले. एक पावण्याच्या बाप्तिस्म्याचा निघाला. पोर्तुगीज होतं, मोबाइलवर भाषांतर करून वाचलं. नाव लुईस, आडनावही आमचंच, रॉड्रिग्स. उद्या भर दुपारी विहिरीवर त्याला राखणीचा मान म्हणून जाड भाकरीचा रोट, विडी आणि नारळ द्यायचाय. गाऱ्हाणं, म्हणजे त्याला हाक मारून साकडं, दाजी घालणार.

९ नोव्हेंबर
नको तिथे शहाणपणा केला. दाजी ‘बा पावण्या’ म्हणून सुरुवात करत होते. मी पुढे झालो आणि ऐटीत म्हणालो, लुईस, मी तुझ्या मालकाच्या घरातला, माझं घर सांभाळ. दाजी पांढरे पडले. “ता नाव तेचा न्हय रे! डाग देवन नाव दिल्यानी. आमी कोणच तेका नावान हाक मारणव नाय.” नारळ न फोडताच निघून गेले. मला रागच आला. एवढं काय आभाळ कोसळलं?

११ नोव्हेंबर
जेवत होतो. विहिरीवरून हाक आली, लुईस! आणि मी ताट टाकून धावलो. का धावलो? तिथे कोणी नव्हतं. दोर आपोआप हातात आला. घरात पंप आहे, तरी संध्याकाळपर्यंत पाणी ओढत होतो. खांद्यावर भाजल्यासारखा डाग उठलाय.

१२ नोव्हेंबर
दाजींचे पाय धरले. म्हणाले, “तेचा खरा नाव परत दी, मगे सोडतलो.” सगळी पेटी उपसली. आमच्या त्या व्यापाऱ्याने बैलांची नावं लिहून ठेवलीत, होडीचं नाव लिहिलंय. त्याच्या आईनं ठेवलेलं नाव कुठेच नाही. विचारलंच नसेल. मेल्या, तू करून गेलास आणि भोगतोय मी!

१४ नोव्हेंबर
आईचा फोन. तिनेही मला लुईस म्हटलं. मी ओरडलो, मी शेल्डन! शेल्डन कोण रे, असं तिने विचारलं — अगदी मायेने —

१५ नोव्हेंबर
हात सोलून निघालेत. तो ओट्यावर माझ्या खुर्चीत बसलाय. म्हातारा, पाठ ताठ. ओरडत नाही. नुसता बघतो, आणि मी ओढतो — हात जोडले. माझं नाव परत दे म्हटलं. माझं कुठे आहे, एवढंच विचारलं त्याने. मी पुन्हा दोर धरला —

बहुधा १७
दाजी कुंपणापलीकडून गेले. हाक मारली. ओळखलं नाही — की ओळखून —
आज सकाळपासून आठवतोय. लिहून ठेवलं तर राहील. माझ्या आईनं माझं नाव ठेवलं होतं श — शे —
हाक आली. जातो, धनी —