पट्टा उतरवायला झालेला उशीर

मिस्तरी,

लिहायला फार उशीर केला, माफ करा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी अजून नांदुऱ्याच्या त्या जिनिंगच्या रस्त्यानं जायचं टाळतो. शाळा माझी सातवीतच सुटली, हे तुम्हाला ठाऊक आहे. काही चुकलं तर हसू नका.

आज बसलो ते नातीमुळे. ती चिखलीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. सकाळी तिचा प्रोग्राम चालता चालता एकदम बंद पडला आणि पडद्यावर ‘अबॉर्टेड’ एवढा एकच शब्द उरला. मला वाटलं, मशीन जळलं. ती हसली. “आबा, म्याच तसं लिहिलं हाये. आत काही भलतंच झालं तर त्यानं तिथल्या तिथं थांबावं म्हणून.” सी नावाच्या भाषेत थांबायच्या दोन रीती आहेत म्हणे. एक्झिट म्हटलं तर प्रोग्राम हातातलं लिखाण पुरं करतो, उघडलेल्या फायली मिटतो, मग जातो. अबॉर्ट म्हटलं तर काही आवरत नाही, अर्धं राहिलं तर राहिलं.

“मंग ते नुकसानच झालं ना वं?”

“होते न. पण आत बिघडलं असताना आवरत बसलं, तर जास्त नुकसान होते.”

मी तिच्याकडून कोरा कागद मागून घेतला.

महाराष्ट्र नवा होता, मीही कामावर नवा होतो. तुमची रीत अजून पाठ आहे. सरकी काढणाऱ्या रेच्यात कापूस टाकणं थांबवायचं, आतल्याची सरकी पडून जाऊ द्यायची, घंटा द्यायची, आणि मगच पट्टा उतरवून रेचा थांबवायचा. त्या दिवशी सकाळी कसल्याशा आवाजाला भिऊन मी भरल्या रेच्याचा पट्टा तसाच उतरवला.

“काऊन बे, पट्टा काऊन उतरवला?”

“मले वाटलं, काही तुटलं.”

“तुले वाटलं! आता रेच्याच्या तोंडातला कापूस कोण उपसन? तुहा सासरा येते काय?”

कापूस टाकणाऱ्या साऱ्या बाया हसल्या. माझं लग्न नुकतंच ठरलं होतं आणि मुलीची मावशी त्या बायांतच होती. दुपारपर्यंत मी तुमच्याशी बोललो नाही.

दुपारी तुम्ही माझ्या रेच्याच्या फिरत्या शाफ्टाला तेल देत आहात. तुमच्या सदऱ्याची बाही त्यात ओढली जाते. “पट्टा! पट्टा उतरव बे!” मी पट्ट्यापाशीच उभा आहे. मी आधी बाईला हात करून कापूस थांबवतो. सरकी पडू देतो. घंटेची दोरी धरतो. तुम्ही दुसऱ्यांदा ओरडता तेव्हा त्यात शब्द नसतात.

तुमचा उजवा हात कोपरापासून गेला. दवाखान्यात मॅनेजर विचारायला आले, तर तुम्ही म्हणालात, “साहेब, त्या आवाजात याले ऐकू नाही आलं.” मी मान डोलावली. पुढं तुम्ही फाटकावर चौकीदार झालात. डाव्या तळहातावर तंबाखू घेऊन बसायचात, आणि मी येता-जाता चोळून द्यायचो. “लेकरू कसं हाय रे?” विचारायचात. त्या दुपारचा विषय कधीच काढला नाहीत.

नात म्हणते, असा मेलेला प्रोग्राम मागं एक फाईल सोडू शकतो. मरताना आत काय काय होतं, ते सगळं तिच्यात जसंच्या तसं असतं. नंतर उघडून चूक शोधता येते. मी विचारलं, किती दिवस राहते? म्हणाली, कोणी पुसत नाही तोवर.

मिस्तरी, मला पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं. रीतही काही भीतीनं पाळली नाही. सकाळचा राग होता. मनात म्हटलं, घ्या आता तुमची रीत.

हे पत्र कुठं टाकणार? गादीखाली ठेवतो आहे. पण तुम्हाला तेव्हाच समजलं होतं का? समजून-उमजून मॅनेजरला तसं सांगितलंत का? एवढंच कळवा. लवकर कळवा, माझेही आता फार दिवस राहिले नाहीत.