खोक्यात किबोर्ड नाही

सांगली,
बुधवार, ४ डिसेंबर २०२४

शोएब, गड्या,

सलाम. मी बरा आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही, कारण विचारलं की तू 'झकास' म्हणणार आणि मग पुढं दोघांनाही बोलायला काही उरत नाही.

जीनत, हे तूच वाचून दाखवणार आहेस, मला माहीत आहे. मोठ्यानं वाच, पण आधी दार लोटून घे. तुझ्या अम्मी, आमच्या खातूनचाची, खोलीत असतील तर त्यांचं काम होऊ दे, मग सुरू कर. व्हॉइस मेसेज मी मुद्दाम केला नाही. तुमच्यात फोन लागला की स्पीकरवरच लागतो. मागं मी तुझ्या भावाला प्रेमानं एक शिवी घातली, तर ती चाचींनी शेजारणीसकट ऐकली. म्हणून हा कागद. माझं अक्षर लागत नसेल तिथं अंदाजानं वाच, पण गाळू नकोस.

तर शोएब, कॉम्प्युटर झाला! आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. काळं कॅबिनेट, एका अंगाला काच. पंखे तू सांगितले होतेस तसेच, रंग बदलणारे. शरच्चंद्र सर बघून म्हणाले, "यशराज, कॉम्प्युटर बांधतोयस का वरातीची गाडी?" सर म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. मी आता सांगलीत ह्यांच्याकडं दुरुस्तीला आहे. खंडाळ्याची कंपनी सोडली. तिथं दिवसभर एकच बोल्ट एकाच भोकात घालायचा, माणसाचं डोकं फिरतं रं. मग उंब्रजला हायवेच्या हॉटेलात होतो. तिथनं एका ऊसतोड मशीनच्या ड्रायव्हरबरोबर गेलो, ते मशीन म्हणजे काय राक्षस आहे, अख्खी सरी गिळतं आणि पाठीमागं चिपाडं ओकतं. तिथंही टिकलो नाही. इथं दुकानात एक मांजर आहे, ते उबेला यूपीएसवर झोपतं. लाईट गेली की यूपीएस किंचाळतो, पण हे उठत नाही, नुसता एक कान हलवतं.

बघ, परत फाटे फुटले. कॉम्प्युटरचं सांगत होतो.

प्रोसेसर मी स्वतः बसवला. सर शेजारी उभे होते, म्हणाले, "हाताला सवय आहे तुझ्या." सवय कुठली? तुझ्या अब्बांच्या, जाफरचाचांच्या, वेल्डिंगच्या दुकानात बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तू त्याच्यावर मदरबोर्ड काढला होतास. इथं रॅम, इथं प्रोसेसर, इथनं वीज येते. काडेपेटी घेऊन म्हणालास, "हा प्रोसेसर. दाबायचा न्हाई यशा, नुसता ठेवायचा. त्यो आपल्या वजनानं बसतो." मी म्हणालो होतो, तुझ्या मोबाईलवर बैलगाडीच्या शर्यतीचे व्हिडिओ होतात की, कशाला पाहिजे कॉम्प्युटर? तू म्हणालास, स्लो मोशन टाकलं की बैल धावायच्या आधी मोबाईलच आडवा होतो. तर हा आडवा होत नाही. तुझे जुने शर्यतीचे व्हिडिओ त्याच्यात टाकून बघितलेत. बैलाच्या खुरांखालनं उडणारा मातीचा कण न् कण दिसतो.

स्क्रीनच्या वर एक कॅमेरा लावलाय. तो कशाला ते सांगतो.

त्याच्याबरोबर एक प्रोग्राम आहे. कॅमेरा तुझं नाक बघतो. नाक डावीकडं गेलं की स्क्रीनवरचा बाण डावीकडं जातो, वर तर वर. एखाद्या जागी बाण थोडा वेळ धरला की क्लिक होतं. अक्षरांच्या पाट्या स्क्रीनवरच येतात, त्यातलं एकेक निवडायचं. मराठी आहे. बोललेलं लिहूनही घेतो, पण आपली बोली त्याला कळत नाही. मी म्हणालो 'लय भारी', त्यानं लिहिलं 'लाईट भाडे'.

आधी मी करून बघितलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो आणि ठरवलं, तुझं नाव लिहून होईपर्यंत काढायचे नाहीत. पहिल्यांदा बाण भिंतीवर आपटणाऱ्या पाखरासारखा फडफडत होता. कपाळाला खाज सुटली, खाजवता येईना. ती खाज लय वाईट रं. मांजर मांडीवर येऊन बसलं, त्याला हाकलता येईना. एक गिऱ्हाईक प्रिंटर घेऊन आलं, म्हणालं, "काय पावणं, मान आखडली का?" दुकानातली सगळी हसली. मीपण हसलो. मग 'शो' झालं, 'ए' झालं, 'ब' झाला. मी हात काढले तर त्यांना मुंग्या आलेल्या. आणि मला आठवलं, तुला मुंग्यासुद्धा येत नाहीत.

जीनत, इथं थांब. त्याला पाणी पाज. नळी वाकवून दे. मग पुढचं वाच.

परवा चाचींचा फोन आला होता. "यशा, बाळा, बटनाची पाटी भारीतली टाक. लाईटवाली, त्याला हवी होती ती. समोर दिसली की बोटं आपोआप हलतील बघ." मालिश करणारा सांगून गेलाय म्हणे, रमजानपर्यंत मूठ वळंल. मी 'हो चाची' म्हणालो. मी सगळ्यांना हो म्हणतो, तुला माहीत आहे. तसली एक पाटी, म्हणजे किबोर्ड, दुकानात आहे, शोकेसमध्ये, दाबेल त्या बटणाला रंग. मी ती काढली, पुसली, खोक्यात ठेवली.

त्याच दिवशी जाफरचाचा आले.

इस्लामपूरहून एस्टीनं आले, खांद्यावर कापडात गुंडाळलेला चौकोनी पाईप. दुकानात उतरवला. तुझ्या पलंगाला लावायचा स्टँड आहे तो, त्याच्यावर स्क्रीन अडकवायचा. बिजागऱ्या अशा घातल्यात की बोटानं ढकलला तर फिरतो आणि सोडला तिथंच थांबतो. रंग दिलेला, कोपरे घासलेले, लागू नयेत म्हणून. टेप काढून मला म्हणाले, "कॅमेऱ्यापासनं तोंड किती लांब लागतंय?"

मी सांगितलं. त्यांनी पाईपवर खडूनं खूण केली.

मी विचारलं, "चाचा, किबोर्डला ट्रे?"

ते टेप गुंडाळत होते. म्हणाले, "ट्रे केला न्हाई."

चहा आला होता, तो तसाच ठेवून निघाले. पाईपवर नुसती ती खूण राहिली, तुझ्या तोंडाची.

शोएब, तुला आठवतं, मिरजेला दवाखान्यात तू मला विचारलं होतंस, "यशा, तू भायेर हुतास. डॉक्टर काय म्हणाला?" चाचा म्हणाले होते, वेळ लागंल. तू त्यांच्याकडं बघितलं नाहीस, माझ्याकडं बघितलंस. मी सलाईनकडं बघत बसलो. नंतर फोनवर तेच विचारलंस, मी म्हणालो गाडी आली, ठेवतो. तेव्हापासून माझी गाडी सारखी येतेच आहे. खंडाळा, उंब्रज, ऊस, सांगली. ज्या गावाला जाईन तिथं वाटतं, इथनं पुढं कुठं?

मी बाहेर होतो. तुझ्या मानेच्या फोटोचं पाकीट माझ्या हातात होतं. डॉक्टर म्हणाला, मणक्यातली नस गेली आहे, खांद्याच्या खालचं परत येणार नाही. चाचांनी विचारलं, "हाताचं?" डॉक्टरनं नाही अशी मान हलवली. चाचांनी परत विचारलं, जणू त्याला ऐकू गेलं नव्हतं. त्यानं परत हलवली. मग चाचा जिन्यावर बसले, उठले, आणि मला म्हणाले, "घरात बोलायचं न्हाई. त्याच्या म्होरं तर न्हाईच."

हात येणार नाहीत, शोएब. रमजानला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही.

जीनत, हे वाक्य वाचलंस का? नसशील तर मागं जा. तुला राग येत असेल तर तो माझ्यावर काढ, पण वाच. तो रोज बोटांकडं बघत बसतो, तूच मला सांगितलंस. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या बघतो. मग दिवसभर तोंड फिरवून पडतो. आपण सगळी मिळून त्याला दररोज सकाळी नापास करतोय.

आणि शोएब, ते दुसरं. तू जीनतला म्हणालास, मी गाढव, पाणी न बघता उडी मारली. न बघता नाही. तू बघितलंस. आपण कायम बघतो तसंच, साळूबाई धुणं घेऊन घाटाच्या कुठल्या पायरीवर बसलीय ते. ती पाण्याच्या कडेलाच बसते, म्हणून ती वरच्या पायरीवर असली की डोहात दोन पुरुष पाणी. त्या दिवशी ती वरच्याच पायरीवर होती. पण सकाळी बंधाऱ्यात पाणी अडवणारे लाकडी बर्गे काढले होते, पाणी फळ्यांसरशी उतरलं होतं, आणि म्हातारीचे गुडघे दुखतात म्हणून ती खाली न उतरता बादलीनं पाणी वर आणून धूत होती. बादली तिच्या पाठीमागं होती. मी शर्ट काढत होतो, मलाही दिसली नाही. तू आधी उडी मारलीस एवढंच. साळूबाई आता घाटावर येत नाही. मी तिच्या दारात गेलो होतो, ती म्हणाली, "माझ्या पोरा, मला नुसती हाळी द्यायची हुती रं, पाणी उतरलंय म्हणून." तिच्या दारातनंही मी तसाच मागं फिरलो.

तुझी चूक नाही. कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो.

ती लाईटवाली पाटी मी खोक्यातनं काढून परत शोकेसमध्ये ठेवली. चाचींना वाटेल, येडं विसरलं. विसरलो नाही. ती समोर ठेवली तर तू रोज तिच्याकडंही बघत बसशील. चाचींना मी सांगेन. कसं ते माहीत नाही, पण मीच सांगेन.

आता कामाचं. सगळं जोडून दिलंय. स्टँड चाचा लावतील. जीनत, दोनच वायरी आहेत, लाल फडकं बांधलेली आधी, मग दुसरी. तुझ्या मोबाईलचं नेट चालू कर. खिडकी त्याच्या पाठीमागं नको, समोर पाहिजे, नाहीतर कॅमेऱ्याला चेहरा काळा दिसतो. पहिल्यांदा बाण फडफडेल. त्याला चिडू दे.

सामान भाऊसोच्या टेम्पोतनं येतंय. भाऊसोला मी सांगितलंय, उतरव आणि गप जा. त्याला सांगू नको म्हटलंय ते मीच तुला सांगतो. टेम्पोत मीपण आहे. तू हे ऐकत असशील तेव्हा मी तुमच्या गल्लीच्या तोंडाला, पानपट्टीच्या आडोशाला उभा असेन, मोबाईल हातात धरून. माझा नंबर तुझ्या कॉम्प्युटरात घालून ठेवलाय, नाव उघडलं की अक्षरांची पाटी समोर येते.

काहीतरी लिही. एक अक्षर. शिवी असली तरी चालेल, चाचींना वाचता येत नाही. 'जा' लिहिलंस तर जाईन, आणि ह्या वेळी कुठं जातोय ते सांगून जाईन. 'ये' लिहिलंस तर आत येऊन तुझ्या तोंडाकडं बघेन, सलाईनकडं नाही.

घाई करू नकोस. शिकायला वेळ लागतो, मला अख्खी दुपार लागली होती. अंधार पडला तरी मी आहे.

तुझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर, आणि हाक मारल्याशिवाय आत न येणारा,
तुझा यशा