मुख्तारमामाचा आवाज

इंबाबा, कैरो
मंगळवार, ९ मे

प्रिय मुख्तारमामा,

सलाम. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. तुझा जावई, समाहताईचा नवरा, पोर्ट सईदला परततो आहे, त्याच्या हाती देते. आम्ही इथे सगळे सुखरूप. आईचा गुडघा बरा आहे, आणि तोंड तर त्याहून बरं. परवाच मला म्हणाली, "माझा भाऊ तुमच्या त्या सिनेमापायी गल्ली सोडून लेकीकडे जाऊन बसला, आणि तू काय करतेस? अंधारात बसून बटणं दाबतेस!" तिला वाटतं तू फिल्मवर रुसला आहेस. मी वाद घातला नाही.

बटणं दाबणं म्हणजे काय ते तुला तरी सांगते. आमच्या कॉलेजच्या या फिल्मची संकलक मी. तुझ्या गच्चीवर कॅमेरा घेऊन नाचत होता तो करीम, म्हणजे दिग्दर्शक. पण त्या ढिगातून गोष्ट काढायची ती मी. आणि या करीमला स्वतःचा एक शॉट टाकवत नाही. जे दिसलं ते टिपलंय पठ्ठ्याने: कबुतरं, वाळत घातलेले कपडे, उम्म हिशामची मांजर. मांजर काढली तर तोंड पाडून बसला. म्हणे, "हनादी, ती मांजर नाही, ती एकाकीपणा आहे." मी म्हटलं, "असू दे, पण तो एकाकीपणा कॅमेऱ्याकडे बघून जांभई देतोय." मांजर गेली.

उजेडाचं तर विचारूच नकोस. सकाळच्या उन्हात उडालेला थवा संध्याकाळच्या तांबूस उजेडात उतरतो. रंग जुळवता जुळवता माझे डोळे गेले. त्यातच गेल्या आठवड्यात मी चहाला उठले, तेवढ्यात करीमने स्वतःच एक सीन जोडून ठेवला. तू काठीचं फडकं फिरवतोस, शीळ घालतोस, आणि वर अख्खा थवा वळतो. दिसायला झकास. पण वळणारा थवा होता पलीकडच्या गल्लीतल्या हाजी बय्यूमीचा! मी किंचाळलेच.

"अरे गाढवा, या पंखांवर पांढरे पट्टे आहेत. मामाचे पक्षी सगळे करडे!"

"कोणाला कळणार आहे?"

"इंबाबातल्या प्रत्येक गच्चीला कळेल. बय्यूमीचे पक्षी मामाच्या शिळेवर वळले असं दाखवलंस तर दोन गल्ल्यांत जुंपेल, आणि पहिला मार तू खाशील."

माझ्यासारखी संकलक त्याला शोधून मिळायची नाही. हे मी फुशारकीने म्हणत नाही. बरं, थोडं फुशारकीनेच म्हणते आहे.

पण एका ठिकाणी मीही अडले. आमच्या बाई, डॉक्टर नगला, सगळं बघून म्हणाल्या, "सुरेख. पण हा माणूस शेवटी ढाबळ का विकतो? फिल्मला शेवटच नाही." खरं आहे ते. त्याआधीचं सगळं नीट कळतं. दुसऱ्याच्या ढाबळीवर उतरलेला पक्षी त्याचाच होतो आणि तो परत मागणाऱ्याची गच्च्यांवर किंमत राहत नाही, हे तू स्वतःच कॅमेऱ्यापुढे सांगितलंस. मग तुझी लाडकी कबुतरी, काजळी, बय्यूमीच्या ढाबळीवर उतरताना दिसते. तू खांदे उडवून म्हणतोस, "गेली तर गेली, एक पक्षी तो काय!" आणि एकदम रिकामी ढाबळ. मधे काहीच नाही. करीम म्हणतो, तेच तर गूढ आहे. मी म्हटलं, गूढ नाही, भोक आहे.

मामा, मी इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिते आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्या भोकात जे बसतं ते माझ्याकडे आहे.

काजळी गेली त्या दिवशी आम्ही सगळे गाडीवरची उसळ-रोटी खायला खाली उतरलो. आमचा आवाजवाला तामेर तुझ्या पायघोळ गलाबियाच्या गळ्यातला माइक काढायला विसरला. तू बय्यूमीचा जिना चढलास तेव्हा तो चालू होता. चित्र नाही, नुसता आवाज. चित्राला आवाज जुळवत होते तेव्हा मला तो सापडला. तो मी एकटीनेच ऐकला आहे. करीमला, तामेरला, आईला, कुणालाही सांगितलेलं नाही.

खाली उतरताना तू स्वतःशी म्हणालास, "मुख्तार, शेवटी हात पसरलासच." आणि मग जे पहिलं गिऱ्हाईक आलं त्याला सगळे पक्षी देऊन निघून गेलास. फिल्मवर रुसून नाही. तुला स्वतःचीच लाज वाटते आहे, म्हणून. मला त्या दिवसापासून माहीत आहे आणि माझा जीव नुसता तळमळतो आहे.

तर आता ऐक. कोण काय बोललं हे काटेकोर ऐकणं हेच माझं काम आहे. वर पोचल्यावर तुला नीट बोलताच येत नव्हतं. बय्यूमीच म्हणाला, "घेऊन जा तिला, मुख्तार. मी कुणाला सांगणार नाही." त्यावर तू काय म्हणालास, आठवतंय तुला? तू म्हणालास, "मी तिला न्यायला नाही आलो, हाजी. ती कोरडं धान्य खात नाही, एवढंच सांगायचं होतं. भिजवून द्यावं लागतं. इहसान ओंजळीत घेऊन द्यायची. आता तू दे." नुसतं कबुतरांचं घुमणं. मग बय्यूमी म्हणाला, "देईन." त्याचा आवाज फुटला होता, मामा. तुझा नाही.

मामी गेल्यापासून तू तिचं नाव आमच्यासमोर घेतलं नाहीस. ते तू तिथे घेतलंस. मी खोलीचं दार लावून रडले.

हा आवाज मोकळ्या आकाशाच्या चित्राखाली ठेवला तर डॉक्टर नगला खुर्चीतून उठतील. मला खात्री आहे, माझा हात कधी चुकत नाही. पण तू हो म्हटल्याशिवाय मी तो लावणार नाही. रविवारी फिल्म परीक्षकांपुढे जाईल. शेवटाशिवाय गेली तर जाईल. करीम बोंबलेल, बोंबलू दे. तू नको म्हणालास तर तुझ्यासमोर पुसून टाकीन, आणि त्यावर पुन्हा एक शब्द काढणार नाही.

फक्त आधी ये आणि एकदा ऐक. फिल्मसाठी नको, तुझ्यासाठी. तू तिकडे बसून ज्या माणसाची लाज धरतो आहेस, तो माणूस त्या जिन्यावर नव्हताच. मी ऐकलंय ना.

वाट पाहते.

ज्याने हात पसरला नाही, त्या मुख्तारची भाची,
हनादी