बेटावरची येळवस

१४ डिसेंबर, रविवार

ठरलं! प्रतीक्षानं आणि मी मिळून ठरवलं. कळंबच्या बाजारात, मेथीवाल्याच्या मागं उभं राहून. दोघी सख्ख्या जावा, एकाच गल्लीत घरं, आणि बोलायला बाजार गाठावा लागतो! आमच्या नवऱ्यांचं एकमेकांशी तोंड नाही ना. आमची अर्पिता आठवीत होती तेव्हा विहिरीच्या मोटारीवरून जुंपली, वाटणी झाली. आता पोरगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, तरी ह्यांचं आपलं एकच — "कुमारच्या बांधावर पाय ठेवणार न्हाय." कुमार भाऊजीही तसलेच. हेका अगदी एका आईचा!

त्या आईचेच हाल. सासूबाई एक अमावस्या ते दुसरी अमावस्या आमच्याकडं, पुढची पाळी तिकडं. येळवसाला — वेळ अमावस्येला — तर बघवत नाही. शेतात कडब्याची कोप उभी करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं — असा सण. आणि ही बाई आमच्या कोपीपाशी दोन घास खाते, उठते, बांध ओलांडून तिकडं दोन घास खाते. गेल्या वर्षी म्हणाल्या, "तिथवर चालत जाईस्तोवर हिथलं जिरतंय बघ." आम्ही हसलो. हसण्यासारखं नव्हतं ते.

यंदा मला त्यांना दोन्ही लेकांच्या मधी बसून जेवताना बघायचंय. बास.

म्हणून बेट! तलावातलं ते झाडीचं बेट कुणाच्याच वाटणीत नाही. तलाव व्हायच्या आधी तो आमच्या आजेसासऱ्यांचा माळ होता. आता चारी बाजूंनी पाणी, आणि वर लिंब, बाभळी, सीताफळी नुसत्या माजल्यात. बांधच नाही, तर पाय ठेवायचा प्रश्नच कुठं येतो? डोकं प्रतीक्षाचं, छाती माझी.

१५ डिसेंबर

धाराशिवला अर्पिताला फोन लावला. ती मैत्रिणींबरोबर डोंगर चढत असते, तंबू मिळतात तिला ओळखीनं. "आई, कॅम्पिंग? आणि तू?" अशी हसली की मी फोनच ठेवला. मग परत लावला. तीन तंबू आण म्हटलं.

१६ डिसेंबर

ह्यांच्या कानावर घातलं. आधी गरजले. "येळवस शेतात करायची सोडून पाण्यात? डोकं फिरलंय का तुझं?" मी भाकरी वाढली. मग हळूच — "अर्पिता म्हणतीया." झालं! लेकीचं नाव काढलं की हा माणूस लोणी. हात धुताना आपणच म्हणाले, "सकाळी शेतात पूजा उरकू. जेवाय बेटावर जाऊ, ऱ्हाऊ रातच्याला. आज्ज्याचाच माळ हाय, काय बिघडतंय?"

कुमार भाऊजी येणार हे मी काही सांगितलं नाही. विचारलं कुठं त्यांनी!

१७ डिसेंबर

तिकडंही जमलं. प्रतीक्षानं नवऱ्याला काय सांगावं? "दादांची मंडळी शेतात असणार, आपण आत्याला घेऊन बेटावर सुखानं जेवू." आत्या म्हणजे सासूबाई. कसली बेरकी बाई आहे! लई आवडते मला.

होडी हरिबाची. तो तलावात मासे धरतो. त्याला सगळं खरं सांगितलं — आधी आम्हाला सोडायचं, मग त्यांना, आणि लगेच काढता पाय घ्यायचा. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच यायचं.

"वैनी, मारामारी झाली मंजे?"

"झाली तर झाली. पोहता येतं दोघांना."

अंबील मी करायचं, सोललेल्या दाण्यांची, बेसन लावलेली भज्जी प्रतीक्षानं. ह्यांच्याकडं एक, त्यांच्याकडं एक. मग बसा म्हणावं वेगळे!

१८ डिसेंबर

ज्वारीचं पीठ ताकात कालवून अंबील आंबायला ठेवलं. काय गं बाई हे करून बसले मी!

१९ डिसेंबर, येळवस

शेतातली पूजा झाली. निघतोय. पांडवांनो, सांभाळून घ्या!

२० डिसेंबर, शनिवार

कालपासून हसून पोट दुखतंय. नीट लिहिते.

हे, अर्पिता आणि मी, आम्ही तिघं आधी उतरलो. काय जागा! गार सावली, पायाखाली पाला, पलीकडच्या काठाला बगळे. हे तर पोरासारखे हिंडत सुटले — "हिथं आज्जा बसायचा, हिथं आमी शेळ्या वळायचो!" अर्पितानं तंबू उभे केले. हे एकात शिरून आडवे झाले तर पाय गुडघ्यापासून बाहेर. "तंबू हाय का बंडी गं ही?"

तेवढ्यात दुसरी खेप आली. पुढं सासूबाई, मागं प्रतीक्षा, आणि मधी कुमार भाऊजी — डोक्यावर अंबिलाची बिंदगी! मातीची, काठोकाठ भरलेली. ह्यांना बघून भाऊजी गुडघाभर पाण्यातच थबकले. ना पुढं, ना मागं. हरिबानं मात्र वल्हं असं मारलं की बघता बघता मधल्या पाण्यात.

"शिवकन्या!" एरवी 'अगं'वर भागवणारा माणूस. नाव घेतलं की समजायचं. म्हटलं, "ओ." दुसरं काय म्हणणार?

हे एका टोकाला जाऊन बसले, भाऊजी दुसऱ्या टोकाला. सासूबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "तू केलंस का तिनं?"

"दोघींनी, आत्या."

पदर खोचला त्यांनी. "वाढा मग. भूक लागलीया."

आणि तिथंच आमचं शहाणपण उघडं पडलं. अंबिलाच्या बिंदग्या दोन, आणि भज्जी नाहीच! प्रतीक्षा तोंड पाडून म्हणाली, "ताई, अंबिलाबिगर घरातनं निघालो असतो तर ह्यांना संशय आला नसता का?" खरंय. येळवसाला अंबील घेतल्याशिवाय उंबरा कोण ओलांडतंय? म्हणून तिनंही केलं. आणि आमच्या घरची रीत अशी, की बिंदगी एकदा डोक्यावर चढली की माघारी फिरायचं नाही. भाऊजी बिंदगी घेऊन निघाले ताडताड, ही अंथरुणं कवटाळून मागं पळाली, आणि भज्जीचं पातेलं चुलीपाशी! गावाच्या वेशीतच आठवलं म्हणे. पण फिरणार कसं?

बाजरीचे उंडे होते, खीर होती, आंबट भात होता. सासूबाई ताटावरून उठल्या. "भज्जीबिगर कसली येळवस? म्या न्हाय जेवणार."

मला रडूच फुटलं. एवढा आटापिटा केला आणि घात केला एका पातेल्यानं!

मग त्याच चार पावलं हिंडून आल्या. बेटावर हरिबा जाळी वाळवतो, तिथं त्यानं तूर, वाल, वांगी लावलीत. ह्यांना म्हणाल्या, "अमर, शेंगा तोड. कुमार, तू सोल. हरिबाला म्या सांगते काय सांगायचं ते." सणाच्या दिवशी आईला नाही कोण म्हणणार? गेले दोघं. एक तोडतोय, एक सोलतोय, मधी टोपलं. शब्द नाही. आम्ही तिघी चूल पेटवायची सोडून तिकडंच डोळे लावून.

आणि भाऊजी बोलले! "ही किडकी हाय."

"दिसतंय मला," हे म्हणाले.

"दिसतंय तर टाकलीस कशाला?"

"तुज्या ताटात जाईल म्हणून."

भाऊजी खुदकन हसले. तोंड फिरवून, पण हसले! ह्यांचेही खांदे हलायला लागले. प्रतीक्षानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून काळानिळा आहे.

पिठल्यासाठी आणलेलं बेसन कामाला आलं. भज्जीला धूर लागला, मीठही जास्त झालं. पण सासूबाई दोन्ही लेकांच्या मधी बसल्या आणि मागून मागून जेवल्या. मी नुसती बघत राहिले. डोळे भरून आले माझे — लाजायचं काय त्यात!

दुपारी दोघे भाऊ पाण्यात! पोटं सुटलेली, तरी सूर मारले. पाण्यातल्या बाभळीला आधी कोण शिवतं? दोघंही म्हणतात, मीच. सांजच्याला शेकोटी केली. अर्पितानं गाण्याच्या भेंड्या काढल्या, तर सासूबाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हणून आम्हा सगळ्यांना गार केलं. मग अर्पिता त्यांच्या तंबूत शिरायला लागली. "सरक भायेर! मला एकटीला झोपू दे." आणि आतून चेन ओढून घेतली!

सकाळी उन्हं वर आली तरी बाहेर येईनात. घाबरलोच आम्ही. चेन उघडून बघतो तर निवांत केस विंचरत बसलेल्या, गुणगुणत.

२१ डिसेंबर

अमावस्या झाली, पाळी आमची. तर आईला सोडायला कुमार भाऊजी स्वतः आले. आमच्या घरात! चहा घेतला, शेव खाल्ली, आणि म्हणाले, "दादा, आईला माज्याकडंच ऱ्हाऊ दे. बारा महिने."

"का? थोरला म्या हाय."

"थोरला हायस तर काय झालं?"

आवाज चढले. मी आधी कपबश्या उचलल्या! मग ध्यानात आलं, हे भांडण गोडीचं. इतकी वर्षं वाटून घेतली, आता सोडायला कुणी तयार नाही. शेवटी गाडी "एकच चूल करू सगळ्यांची" इथवर गेली. सासूबाई ऐकत होत्या.

२२ डिसेंबर

प्रतीक्षा आली. पुढच्या दारानं, दिवसाढवळ्या! ओट्यावर बसून दोघींनी वांगी चिरली. इतकं बोललो, इतकं बोललो, की वांगी काळी पडली.

२४ डिसेंबर

सासूबाईंनी सकाळी पेटी भरली. आमच्याकडं नाही, तिकडं नाही, एका चुलीवर तर नाहीच. देवळामागं इरम्माबाईची खोली रिकामी आहे, तिथं राहणार म्हणे. एकटीनं. हे हबकलेच. भाऊजी कळल्यावर धावत आले, ते तर रडायला लागले — "आई, आता तर आमचं जुळलंय. काय चुकलं आमचं?"

"काय न्हाय चुकलं, बाबांनो. तुमचं जुळायचीच वाट बघत हुते. तुमी भांडत हुता तवर म्या हिकडून तिकडं आले-गेले नसते, तर दोन्ही घरं पार तुटली असती. आता जुळलंय न्हवं? मग आता म्या माज्या घरी."

भाऊजींनी डोळे पुसले. मग दोघा भावांनी पेटीची एकेक कडी धरली. मी पुढं होऊन दार उघडलं.