नवरीच्या आईची तीन मिनिटं

शुक्रवार, मार्च १९९४, मनामा

आमच्या व्हिडिओ स्टुडिओतला जॉर्जियन माणूस तिकडे सिनेमाचा दिग्दर्शक होता. युद्ध पेटलं, आता इथे लग्नं शूट करतो. गुदैबिया भागातल्या एका लग्नात त्याने तीन मिनिटं फक्त नवरीची आई टिपली. लेकीची रोजची चप्पल पिशवीत भरताना ती रडत होती. एडिटिंगला बसलो तेव्हा मालक मला म्हणाले, "यात पाहुणे दिसत नाहीत. काप हे." ती चप्पल मी दोनदा पाहिली आणि तो तुकडा कापला.

आज त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुला आवडलं नाही?"

आवडलं होतं. मग का कापलं? माझा व्हिसा मालकांच्या हातात, म्हणून? मी गप्पच बसलो.

"आमच्याकडे सेन्सॉरचा कारकूनही असाच गप्प बसायचा," तो म्हणाला आणि त्याने माझ्या कपात चहा ओतला.