पुढची पायरी

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. न्हावऱ्यात तुमच्या दहाव्याला सगळा वर्ग आला होता म्हणे. मी शिरूरमध्येच होते, एसटीनं तासाभरात पोचले असते, पण मुद्दाम आले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गोड बोलायची जबाबदारी राहत नाही.

मी आता कॉलेजच्या मुलांसाठी वेबपेज बनवते, संगणक आकडे क्रमानं कसे लावतो ते दाखवणारं. स्क्रीनवर कमीजास्त उंचीचे दांडे उभे असतात. शेजारच्या दोघांची तुलना होते, डावीकडचा उंच असला तर दोघं जागा बदलतात, मग पुढची जोडी. असं करत करत सगळी रांग चढत्या क्रमानं लागते. बटण दाबलं की एकच हालचाल, पुन्हा दाबलं की पुढची, म्हणजे कुठं काय झालं ते पोरांना दिसतं. परवा त्याचं मराठी करायचं होतं. सोबत काम करणारी मुलगी म्हणाली, "ताई, बटणावर 'पुढची पायरी' लिवा की." मी 'पुढचा टप्पा' लिहिलं. "टप्पा एसटीच्या तिकिटाला असतोय ओ," असं म्हणून ती हसली. मला काही हसू आलं नाही.

नववीत बीजगणिताच्या पेपरात मी नुसतं उत्तर लिहिलं होतं. तुम्ही माझ्या वडलांना, आबांना बोलावून घेतलंत. मेंढरं चुलत्याच्या हवाली करून, खांद्यावर घोंगडी टाकून आबा आले आणि ऑफिसच्या दाराशीच उभे राहिले. अक्षरओळख नसलेल्या माणसापुढं तुम्ही पेपर धरलात. "उत्तर बरोबर हाय, पण पायऱ्या कुठं हायत? मेंढरामागं फिरणाऱ्याच्या पोरीला हे आपोआप येतंय व्हय? कॉपी हाय ही. तिला सांगा, पायरी ओळखून ऱ्हा म्हणावं." आबा मान खाली घालतात. "व्हय गुरुजी. चुकलं तिचं." मला कुणी काही विचारत नाही.

दहावीनंतर शाळा बंद. कॉलेजसाठी मी दोन वर्षं भांडले तेव्हा कुठं जाता आलं, आणि तोवर दर वेळी आबांचं एकच उत्तर, "गुरुजी म्हणलं हुतं." गणिताची पायरी दाखवायला तुम्ही पगार घेत होतात, सर. तुम्ही आमची पायरी दाखवलीत, आणि तीही आबांच्या तोंडावर. याचा राग अजून तसाच आहे, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

तुमचा मुलगा अजून त्याच घरात राहतो, म्हणजे पत्ता आहे. तरी हे पत्र टाकणार नाही. कारण ते उत्तर मी खरंच पुढच्या बाकावरच्या मुलीचं बघून लिहिलं होतं. तुम्ही बोललात ते वाईटच बोललात. पण चोरी माझी होती आणि मान आबांनी खाली घातली. ते जाईपर्यंत मी त्यांना खरं सांगितलं नाही.