मशेरीच्या रंगाचे दोन दात

प्रिय दादा,

तुझा फोन येऊन आठ दिवस झाले. हर्षितच्या लग्नात आत्या म्हणून मी सगळ्या फोटोंत पुढे असणार, तेव्हा "ते पुढचे दोन दात एकसारखे करून घे गो, बरं नाय दिसत," असं म्हणालास. बहिणीच्या दातांची काळजी तुला एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच वाटली, म्हणून मीही ऐकलं. कंपनीतून अर्धी सुट्टी काढून इथल्या, वाशिंदच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले.

बाई भल्या आहेत. आधी त्यांनी त्या दोन दातांवरच्या कॅपना पॉलिश करून बघितलं. चहाचे डाग गेले, रंग होता तोच राहिला. मी म्हटलं, दात उजळायचं ते औषध लावा की! तर म्हणाल्या, ते खऱ्या दातावर चालतं; कॅप भट्टीतून ज्या रंगाची निघाली त्याच रंगाची राहणार. वरून रंगाचा हात मारला तर तो फार दिवस टिकत नाही. उरला एकच उपाय, जुनी कापून काढायची आणि नवी बसवायची. पण आतले खुंट मोडके, ते कापताना टिकतील याची खात्री त्या देईनात. शेवटी हसत म्हणाल्या, नाहीतर परत मशेरी लावा, बाकीचे दात येतील यांच्या रंगावर. मलाही हसू आलं. घरी येईपर्यंत मात्र माझं डोकं तापलं होतं.

कारण हा रंग तू निवडलास. मुरबाडच्या डॉक्टरांनी रंगांची पट्टी माझ्या तोंडाशी धरली होती, आठवतंय? तेव्हा आई, वहिनी, मी, तिघी सकाळी चुलीपाशी बसून मशेरी लावायचो. दात कसले असणार? डॉक्टर म्हणत होते, आधी दात साफ करू, मग उजळ रंग घेऊ. तू म्हणालास, "नको, हाय त्यात मिसळला पायजे. कोनाला कळता कामा नाय." आणि पट्टीवरच्या सगळ्यात काळपट रंगावर बोट ठेवलंस. मी आ करून बसलेली, बोलणार काय! पुढे गालाच्या आत पांढरा चट्टा आला, घाबरून मशेरी सोडली, दात साफ करून घेतले. तेव्हापासून तू निवडलेले दोन तेवढे उठून दिसतात.

कुणी विचारलं की मी सांगायचे, लावणीच्या दिवसांत बांधावरून पाय घसरला, दगडावर तोंड आपटलं. हे आईने ठरवलं होतं, माझं रक्त पुसता पुसता. वहिनीनेही तेच सांगितलं, आणि खरं सांगते, तुझ्याइतकाच तिचाही मला राग आहे. तिच्या अंगावर तू तांब्या उगारलास म्हणून तर मी मध्ये पडले होते. हर्षित सात वर्षांचा, समोर ताटावर बसलेला. त्याने सगळं पाहिलं. संध्याकाळी तोही शेजारी जाऊन सांगून आला की आत्या बांधावरून पडली. केवढं कौतुक झालं त्याचं घरात, पोरगं शहाणं म्हणून!

आता हे पत्र का, ते सांगते. परवा भाविका माझ्याकडे आली होती. तुझी होणारी सून. लग्नाआधीचे फोटो काढून परतताना हर्षितने तिच्या मुस्काटात मारली, कुठल्याशा फालतू कारणावरून. "आत्या, तुमच्या घरात असं असतं का?" तिने विचारलं, आणि माझ्या दातांकडे बघत म्हणाली, "हे कशानं झालं?" दादा, मी म्हटलं, बांधावरून पडले. जीभच तशी वळते आता. पोरगी निर्धास्त झाली, चहा प्यायली आणि मला वाकून नमस्कार करून गेली. मला माझीच शिसारी आली. काल सकाळी पहिल्या गाडीने शहापूरला तिच्या घरी गेले आणि तिच्या आईबापासमोर तांब्याची सगळी हकिकत सांगितली. तुला हे बाहेरून कळू नये म्हणून लिहिते आहे. कॅप मी बदलणार नाही. लग्न राहील की मोडेल, ते त्यांच्या हातात. रविवारी ते धसईला तुमच्या घरी येणार आहेत, वहिनीशी एकटीशी बोलायला. मी त्यांना सांगितलंय की तीही बांधाचंच सांगेल, पण घाई करू नका, समोर बसून राहा. तेवढा वेळ तू घराबाहेर थांब. भाऊ म्हणून माझ्यासाठी एवढं कर.

तुझीच,
वंदना